कलम सहा वाचणारा माणूस

छापखान्यात त्यांना सगळे मात्राबाई म्हणायचे. मी तिथे कागद कापायच्या मशिनवर होतो आणि त्या मुद्रितं तपासायच्या. आमचा छापखाना पुस्तकांचा नव्हता. फॉर्म, पावत्या, चलनं, प्रवेशपत्रं, दवाखान्यांचे केसपेपर, असला कोरडा माल. एकदा एका गोदामाची पाच हजार चलनं मशिनवर चढली होती, आणि खाली डाव्या कोपऱ्यात 'माल घेणाऱ्याची सही' असायच्या जागी 'माल घाणेऱ्याची सही' असं पडलं होतं. काना आणि मात्रा यांनी आपसात जागा बदलल्या होत्या. जुळणी करणाऱ्याने पाहिलं नाही, मालकांनी पाहिलं नाही, गोदामवाल्यांनी तर 'ठीक आहे' असं लिहून नमुना परत पाठवला होता. बाईंनी चालू मशिन थांबवायला लावलं. मालक वैतागले. "बाई, चलन कोण वाचत बसतंय?" बाई म्हणाल्या, "मी वाचलं की." तेव्हापासून त्या मात्राबाई.

छापखाना बंद पडला तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळले, आणि त्यांचं करता करता बारा वर्षं निघून गेली. वडील गेले त्याच वर्षी छापखान्यालाही कुलूप लागलं. आम्ही सगळे पांगलो. 'भेटत राहू' असं दारात उभं राहून एकमेकांना सांगितलं, आणि भेटलो नाही. मीही नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, सात वर्षं होता.

पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं. मी दाढ काढायला एका दवाखान्यात गेलो होतो. दाढ काढून बाहेर पडलो तर जिन्यात बाई. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या राहत होत्या. "अहो, कटिंगवाले!" म्हणाल्या आणि मला जवळजवळ ओढतच वर घेऊन गेल्या. माझा अर्धा गाल बधिर होता, तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. त्यामुळे असेल, त्या बोलत राहिल्या. सलग दोन तास. मध्येच थांबून म्हणायच्या, "माझं बोलणं फार होतंय का?" मी मान हलवायचो, आणि त्या पुन्हा सुरू व्हायच्या.

त्यांचा एक भाऊ आहे, दुसऱ्या शहरात. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. "बरी आहेस ना? आम्हीही बरे आहोत," एवढं झालं की तो फोन वहिनीकडे देतो, आणि वहिनी मुलीकडे. ही भाची बडबडी, आणि आत्यावर तिचा जीव. तिनेच बाईंना नव्या धंद्याला लावलं.

"आत्या, तू जन्मभर फॉर्मच बघितलेस ना? मग आता फॉर्मच कर. फक्त कागदावर नाही, ऑनलाइन."

"कसले फॉर्म?"

"अगं, कुठेही पोहायला, चढायला, घसरायला गेलीस की आधी सही घेतात बघ. हातपाय मोडला तर आम्ही जबाबदार नाही म्हणून. लोकांना तो फॉर्म हवा असतो, पण लिहिता येत नाही. कुठून तरी उचलतात. मागे एका व्यायामशाळेच्या फॉर्ममध्ये 'घोड्यावरून पडल्यास' असं होतं."

बाई हसल्या, आणि भाचीने सुट्टीत येऊन आठ दिवसांत त्यांना सगळं शिकवलं. रकाने कसे आखायचे, कुठला रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, 'मी वरील मजकूर वाचला आहे व मला तो समजला आहे' याच्या शेजारी चौकोन कसा ठेवायचा, बोटाने सही कुठे करायची. गिऱ्हाईक फोनवर सांगणार, बाई इथे खोलीत बसून लिहिणार, आणि त्याची लिंक पाठवणार. एका वकीलबाईंकडून एकदा साचा तपासून घेतला. मग हळूहळू कामं येत गेली. पोहण्याचा तलाव, स्केटिंगचं मैदान, मातीची भांडी शिकवणारी एक बाई (भट्टी गरम असते म्हणून), केस रंगवणारे, कुत्र्यांना पोहायला शिकवणारे. बाईंचं लिहिणं स्वच्छ होतं. लोक खूश होते.

पण काम सगळं खोलीतल्या खोलीत. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. घरात खुर्च्या दोन, त्यातल्या दुसरीवर रद्दी आणि शब्दकोश. शुक्रवारी दुपारी दुकानदाराला "पिशवी आहे माझ्याकडे" असं म्हटलं, की ते रविवारपर्यंतचं शेवटचं वाक्य. भावाचा फोन यायच्या आधी त्या एकदा खाकरून, मोठ्याने काहीतरी बोलून बघायच्या, कारण एकदा पहिलाच शब्द घशात अडकला होता आणि भावाला वाटलं होतं की बहीण आजारी आहे.

आणि एक गोष्ट त्यांच्या मनाला लागायची. ती त्यांनी आधी कुणाला सांगितली नव्हती. या ऑनलाइन फॉर्मांची मागची बाजू असते, ती फक्त करणाऱ्याला दिसते. कुणी कधी फॉर्म उघडला, किती वेळ उघडा ठेवला, कधी सही केली, सगळं तिथे नोंदलेलं असतं. बाईंचा मजकूर साधारण चौदा कलमांचा असायचा. त्यांनी घड्याळ लावून स्वतः वाचून पाहिला होता. सावकाश वाचला तर सहा मिनिटं, भरभर वाचला तर चार. लोकांना सरासरी नऊ सेकंद लागत होते. त्यातही नाव आणि फोन नंबर लिहिण्यात जाणारे वजा केले, तर वाचायला उरत होते शून्य.

"म्हणजे बघा," बाई मला म्हणाल्या, "छापखान्यात असताना पण कुणी वाचत नव्हतंच. पण तेव्हा ते मला दिसत नव्हतं. आता समोर आकडाच येतो. मी एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास बसते, आणि हजारो लोक त्याखाली 'वाचलं' म्हणून सही करून जातात. एकही माणूस वाचत नाही."

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं एक चढाईची भिंत. एका जुन्या गोदामात एका माणसाने चाळीस फूट उंच भिंत उभी केली होती, तिला रंगीबेरंगी खुंट्या बसवल्या होत्या. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कप्पीतून खाली, आणि खाली तो धरून उभी असलेली शिकवणारी पोरगी. मुलांच्या वाढदिवसांना तिथे रांग लागायची. हा भिंतवाला बोलायला गोड. फोनवर म्हणाला होता, "बाई, तुम्हीच लिहा काय ते छानसं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." बाईंनी छानसं लिहिलं. दोन वर्षांत त्याखाली तेवीसशे सतरा सह्या झाल्या होत्या.

एका मंगळवारी दुपारी बाई मागची बाजू बघत होत्या. एक फॉर्म उघडलेला होता, सही झालेली नव्हती. वेळ दाखवत होता एक्केचाळीस मिनिटं.

आधी त्यांना वाटलं, कुणीतरी उघडा ठेवून जेवायला गेलं असेल. पण दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म पुन्हा उघडला गेला. या वेळी छत्तीस मिनिटं. आणि तो अर्धवट साठवून ठेवलेला होता. बाईंनी तो उघडला. चौदा वर्षांच्या मुलीसाठी तिच्या वडिलांनी भरायला घेतलेला फॉर्म. व्यवसायाच्या रकान्यात 'लिफ्ट दुरुस्ती'. आणि खाली 'आरोग्याविषयी काही सांगायचे आहे का?' या रकान्यात, जिथे लोक काहीच लिहीत नाहीत, तिथे लिहिलेलं होतं:

'मुलीची तब्येत उत्तम. पण कलम सहामध्ये म्हटलं आहे की सर्व दोर व साधनांची नियमित तपासणी केली जाते. नियमित म्हणजे किती दिवसांनी? कोण करतं? तारीख कुठे लिहितात? हे कळलं की सही करतो. ता.क. कलम अकरामध्ये चढणाराच्या असं झालं आहे. चढणाऱ्याच्या हवं.'

बाईंनी कलम अकरा उघडून पाहिलं. खरंच होतं. दोन वर्षं तसंच होतं.

"मला राग यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "चूक काढली म्हणून. पण मी उठून खिडकीपाशी गेले आणि नुसती उभी राहिले. हसूच येत होतं. कुणीतरी कलम अकरापर्यंत पोचलं होतं हो!"

चूक त्यांनी लगेच सुधारली. मग कलम सहाचं उत्तर लिहायला बसल्या. मुलीच्या वडिलांचा ईमेल फॉर्ममध्ये होताच. त्यांनी लिहिलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभार. दोर व साधनांची तपासणी चालकांमार्फत वेळोवेळी केली जाते.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'नमस्कार. हे उत्तर नाही, हे वाक्य आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्यात प्रत्येक लिफ्टच्या वरच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. मी दोर हाताने चाचपून बघतो, मग कार्डावर तारीख घालतो आणि सही करतो. ती सही केल्यावर मला झोप लागायला हवी, असा आमच्या उस्तादांचा नियम होता. तुमच्याकडे अशी तारीख असेल तर कळवा. नसेल तर तसं कळवा. मुलगी रोज विचारते आहे.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. आणि मग त्यांना आठवलं की कलम सहा आलं कुठून. भिंतवाल्याने तपासणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कलम पाचनंतर एकदम कलम सात आलं की मजकूर उघडाबोडका वाटत होता, म्हणून त्यांनीच मध्ये एक वाक्य घातलं होतं. 'नियमित' हा शब्द तर कानाला बरा लागतो म्हणून.

त्यांनी भिंतवाल्याला फोन लावला.

"अहो, दोर तपासता ना तुम्ही?"

"म्हणजे? कोणी तक्रार केली का?"

"तक्रार नाही. फॉर्ममध्ये लिहिलंय तसं एकाने विचारलंय."

"फॉर्म वाचला?" भिंतवाला खरोखर चकित झाला. "कमाल आहे! मग सांगा की, होते तपासणी."

"होते का?"

"बाई, पोरी बघतातच ना रोज. डोळ्यांनी. आणि दोर काय सुतळी आहे का तुटायला? तुम्ही एवढं मनावर घेऊ नका."

बाईंनी फोन ठेवला. त्या आठवड्यात त्यांनी लिफ्टवाल्याला एकदा 'चौकशी करते आहे' एवढंच कळवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, आणि त्यात आणखी दोन प्रश्न. कलम नऊमधली 'संबंधित व्यक्ती' म्हणजे नेमकी कोण? आणि कलम तेरामध्ये 'कोणत्याही कारणाने' म्हटलंय, म्हणजे चालकाने स्वतः दोर कापला तरी का? बाईंनी दोन्हींची उत्तरं लिहिली, कलमं दुरुस्त केली, पुन्हा पाठवली. त्याने ती पुन्हा वाचली. असं तीन-चार वेळा झालं. बाई आता दुपारी चहा झाल्याशिवाय ईमेल उघडत नव्हत्या. आधी चहा, मग टेबल पुसणं, मग ते. पत्र आलं नसलं की टेबल उगाच पुन्हा पुसलं जायचं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी त्या चढाईच्या भिंतीकडे गेल्या. दोन वर्षं जिच्यासाठी लिहीत होत्या ती भिंत त्यांनी तोवर पाहिलेलीच नव्हती. आत खडूच्या भुकटीचा आणि बुटांचा वास. कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्या बाकावर बसल्या. दाराशी एका स्टँडवर टॅब्लेट ठेवलेला होता आणि त्यावर त्यांचाच फॉर्म. एक आई आली. खांद्यावर पिशवी, कडेवर लहान मूल, मोठी मुलगी हात ओढत होती. तिने अंगठ्याने पडदा वर सरकवला. बाईंची चौदा कलमं तिच्या अंगठ्याखालून सर्रकन वर गेली. तिने चौकोनावर टिचकी मारली, बोटाने नागमोडी रेघ ओढली, आणि "चल, पळ," म्हणाली. मुलगी पळाली. शिकवणाऱ्या पोरीने तिला पट्टा बांधला, आणि ती मुलगी बघता बघता दोन पुरुष उंच गेली.

बाई शिकवणाऱ्या पोरीपाशी गेल्या. "ताई, हे दोर कधी तपासतात?"

"का हो? तुमची नात आहे का?"

"नाही. सहज विचारलं."

ती पोरगी तेवीस-चोवीसची, केस घट्ट बांधलेले. तिने वर बघत, दोर हातातून सोडत-ओढत उत्तर दिलं. "मी लागले तेव्हापासून तरी कुणी तपासलेले नाहीत. हा कडेचा जरा जुना आहे. पण चालतो."

बाईंनी कडेच्या दोराला हात लावला. एका जागी तो मऊ लागला, जुन्या गोधडीसारखा. त्यावरचे धागे उसवून कापसासारखे वर आले होते.

"तो लहान मुलांच्या बाजूला वापरतो आम्ही," पोरगी म्हणाली. "त्यांचं वजन कमी ना."

घरी येऊन बाईंनी कॉम्प्युटर लावला. फॉर्म चालू-बंद करायची कळ त्यांच्याच हातात होती. भिंतवाल्याला ते माहीतही नव्हतं. त्यांनी फॉर्म बंद केला, आणि त्या जागी एक ओळ टाकली: 'सध्या नोंदणी बंद आहे. दोर तपासून तारीख लिहिली की सुरू होईल.' मग पाणी प्यायल्या.

रविवारी सकाळी भावाच्या फोनऐवजी भिंतवाल्याचे फोन सुरू झाले. सहा फोन. मग साडेदहाला तो स्वतःच दारात. कित्येक महिन्यांत त्या घरात कुणी आलं नव्हतं. बाईंनी दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी उचलून जमिनीवर ठेवली. तो बसला नाही.

"बाई, दारात वाढदिवसाची अकरा मुलं उभी आहेत. केक आलाय. तुम्ही माझी भिंत बंद केलीत?"

"भिंत नाही. माझं एक वाक्य बंद केलंय."

"असं कसं करता येईल तुम्हाला? फॉर्म माझा आहे!"

"फॉर्म तुमचा. वाक्य माझं. तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत की तपासणी होते. मी आपलं लिहून टाकलं. छान दिसतं म्हणून." बाई खाली बघत होत्या. "तेवीसशे सतरा माणसांनी माझ्या खोट्यावर सह्या केल्यात. त्यांनी वाचलं नाही, ते सोडा. वाचलं असतं तर त्यांचा विश्वासच बसला असता."

"पण फॉर्म असतोच कशासाठी? उद्या काही झालं तर आपली मान अडकू नये म्हणून! तुम्ही तर उलट—"

"तो कडेचा दोर तुम्ही हातात घेऊन पाहिलात का?"

"कुठला कडेचा?"

"लहान मुलांच्या बाजूचा. जाऊन एकदा बोटांनी चाचपून बघा. मग मला सांगा, मी आत्ता फॉर्म सुरू करते. तुम्ही म्हणाल तसं लिहिते."

भिंतवाला दाराकडे वळला. खालून दवाखान्यातल्या कुणाचा तरी फोन वाजत होता. मग तो म्हणाला, "असले फॉर्म नेटवर फुकट मिळतात, पाच मिनिटांत." आणि जिना उतरून गेला. दारही लावलं नाही.

बाई त्या दिवशी खुर्चीतून फारशा उठल्या नाहीत. संध्याकाळी भावाला स्वतःहून फोन केला. भाऊ घाबरला. "काय झालं? पडलीस का कुठे?" "नाही रे. सहज." "बरी आहेस ना?" "बरी आहे." मग फोन वहिनीकडे गेला.

दोन दिवस काही नाही. बुधवारी त्यांच्या फोनवर एक फोटो आला, पाठोपाठ त्या शिकवणाऱ्या पोरीचा फोन. दोराबद्दल विचारून गेलेली बाई आणि फॉर्म बंद करणारी बाई एकच, हे तिने ओळखलं होतं, आणि नंबर भिंतवाल्याकडून घेतला होता. रविवारी ती अकरा मुलं केक खाऊन तशीच घरी गेली होती. भिंतवाला भडकलेला होता, पण घरी जायच्या आधी त्याने कडेचा दोर हातात घेतला होता. त्यातच पोरीने सांगून टाकलं, की तारखेचं कार्ड लागेपर्यंत मी कुणाला वर पाठवणार नाही. "तुम्ही विचारून गेलात ना," ती म्हणाली, "त्यानंतर मला तो दोर धरवेना." गिर्यारोहणाच्या सामानाचा एक जाणकार बोलावला. त्याने सतरा दोरांतले तीन काढून बाजूला टाकले, दोन पट्ट्यांचे टाके उसवलेले निघाले. फोटोत एक पिवळं कार्ड होतं, दाराशी टांगलेलं. तारीख, नाव, सही.

भिंतवाल्याचा स्वतःचा निरोप चार शब्दांचा होता. 'कलम बदला. सुरू करा.'

बाईंनी कलम सहा नव्याने लिहिलं. 'दोर व पट्टे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासले जातात. तपासणाऱ्याचे नाव व तारीख दाराशी टांगलेल्या पिवळ्या कार्डावर आहे. कार्ड नसेल किंवा तारीख जुनी असेल तर चढू नका.' आणि लिफ्टवाल्याला कळवलं.

गुरुवारी त्याने फॉर्म उघडला. बावीस मिनिटं वाचला. सही केली. आरोग्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काही नाही.'

शनिवारी बाई पुन्हा भिंतीकडे गेल्या. कपड्यांना इस्त्री केली होती. मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, बसमध्ये दोन-तीनदा घोळवलंही होतं. दाराशी पिवळ्या कार्डासमोर एक ठेंगणा माणूस उभा होता. नखांच्या कडा वंगणाने काळ्या. कार्ड वाचून झाल्यावर तो दोराकडे गेला आणि डोळे मिटून, बोटांमधून हातभर हातभर दोर सरकवत राहिला. बाईंना विचारायची गरजच नव्हती.

तो वळला, त्याला बाई दिसल्या. "कार्ड तुम्ही लावलंत का?" त्याला वाटलं, इथल्याच असतील.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी नाही."

"ज्याने लावलं त्याने नीट लावलंय. नजरेच्या उंचीला." तो हसला. "लोक फार वर टांगतात."

बाईंचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वरून मुलीने हाक मारली, "बाबा, इकडे बघा, इकडे!" आणि तो मान वर करून बघायला लागला. चौदा वर्षांची मुलगी भिंतीच्या मध्यावर, एका पायावर, दुसरा पाय खुंटी शोधत. तो जागचा हलला नाही. ती वर पोचून घंटा वाजवेपर्यंत बाई मागे उभ्या राहिल्या, आणि मग निघून आल्या.

"सांगायचं ना, मीच ती म्हणून," मी कापूस तोंडात धरूनच कसंबसं म्हटलं. तेवढं एकच मी त्या दिवशी बोललो.

"काय सांगायचं? त्याचं लक्ष वर होतं हो. तेव्हा त्याने खाली बघावं असं मला वाटायला नको होतं."

घरी येऊन मात्र त्यांना राहवलं नाही. स्केटिंगच्या मैदानाचा नवा फॉर्म त्यांच्याकडे आला होता. त्यांनी लिफ्टवाल्याला लिहिलं, की सवड असल्यास एकदा नजर घालाल का, आपल्या सूचना मोलाच्या असतात. पाठवायला दोन दिवस लावले. उत्तर चार दिवसांनी आलं. 'बाई, मी मुलीसाठी वाचत होतो. मला एरवी वाचायची सवय नाही, डोळे दुखतात. तुम्ही आता बरोबर लिहिता. काळजी नसावी.' खाली नावही नव्हतं. 'मुलीचे वडील' एवढंच.

त्यात वाईट काहीच नव्हतं. बाईंनी तेच मला दोनदा सांगितलं, की त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्यानंतर तीन आठवडे त्यांनी मागची बाजू उघडली नाही.

महिनाभराने भिंतवाल्याने काम दुसरीकडे दिलं. पिवळं कार्ड ठेवलं, कलम सहाही तसंच ठेवलं, फक्त बाईंना नको म्हणाला. भाची फोनवर चिडली. "आत्या, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवलंस!" मग जरा थांबून, "बरं केलंस," असंही म्हणाली.

आता बाईंनी एक नियम केला आहे. फोनवर काम घेत नाहीत. आधी जागेवर जातात, बघतात, मग लिहितात. काही लोकांना ते पटत नाही, ते दुसरीकडे जातात. पण आठवड्यातून दोनदा तरी त्यांचं बाहेर पडणं होतं. पोहण्याच्या तलावावरच्या माणसाने पाण्यात औषध कसं टाकतात ते दाखवलं, भांडीवालीने भट्टीचं दार उघडून दाखवलं. कुणी चहा विचारतं, कुणी विचारत नाही.

मी गेलो त्याच्या आदल्याच दिवशी त्या शहराबाहेर घोडेस्वारीच्या मैदानावर जाऊन आल्या होत्या. घोडेवाला म्हणाला, "फॉर्म तर घरबसल्या होतो ना? एवढ्या लांब कशाला आलात?" बाईंनी वही उघडली आणि विचारलं, "यांच्यातला चावतो कोण?"

घोडेवाला मोठ्याने हसला. मग म्हणाला, "ती पांढरी. उजवीकडून गेलात तर. डावीकडून गेलात तर गरीब गाय."

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. घोडेवाल्याने त्यांना डावीकडून जवळ नेलं. "हात सपाट धरा. बोटं वर नको." बाईंनी हात पुढे केला. घोडीने तळव्यावरचा गाजराचा तुकडा ओठांनी उचलला, आणि मग तुकडा संपल्यावरही तोंड काढलं नाही. गरम श्वास सोडत हात हुंगत राहिली. बाईही हात तसाच धरून उभ्या राहिल्या. घोडेवाला दुसऱ्या घोड्याचं खोगीर सोडवायला निघून गेला, परत आला, तरी त्या तिथेच.

मी निघालो तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या, पडद्यावर नवा फॉर्म होता. दारामागच्या खुंटीवर आदल्या दिवशीचे कपडे टांगलेले होते, त्यांना घोड्यांचा वास येत होता. "धुवायला हवेत," बाई म्हणाल्या, "टाकीन उद्या-परवा." मी जिना उतरलो. गालातला बधिरपणा जात चालला होता, आणि दुखायला लागलं होतं.